बोटाला चिकटलेली पाकळी

कौल झाला होता. माणसं देवळाच्या पायऱ्या उतरून गेली होती आणि हरिश्चंद्र गुरव गाभाऱ्यात एकटाच समईची वात सारत होता. हात पुसायला म्हणून धोतराच्या सोग्याकडे नेला, तर करंगळीला काहीतरी ओलं, गार लागलं. दुसऱ्या हाताने चाचपून बघितलं. पाकळी होती. तगरीची ओली पाकळी, करंगळीच्या कडेला चिकटून बसलेली. हरिश्चंद्राने समई तशीच सोडली.

तुम्ही म्हणाल, एका पाकळीचं एवढं काय? तर खाजणवाडीत कौल कसा लागतो ते आधी ऐका. गुरव आंघोळ करून ओलेत्याने गाभाऱ्यात शिरतो. रवळनाथाच्या पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या लावतो, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घालतो आणि वाट बघत उभा राहतो. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. माणसं बाहेर मंडपात बसलेली असतात. आत अंधार, एका समईचा काय तो उजेड, त्यामुळे बाहेरच्यांना दिसत काहीच नाही. गुरव सांगेल तो कौल. कुणाची सोयरीक, कुणाची विहीर, कुणाचं मुंबईला जाणं, सगळं त्या दोन पाकळ्यांवर. आणि एकदा का कौल झाला, की जत्रा होईपर्यंत तोच प्रश्न देवाला परत विचारायचा नाही. देव काय कचेरीतला शिपाई आहे, रोज उठून त्याला तेच विचारायला?

आता खरी गोम इथे आहे. हरिश्चंद्राला दिसत नव्हतं. दीड-दोन वर्षं झाली, डोळ्यांपुढे धुकं येऊन बसलं होतं ते हटत नव्हतं. पण चाळीस वर्षं ज्या गाभाऱ्यात काढली तिथे डोळे लागतात कशाला? हात बरोबर पडायचे. पाकळी पडली की नाही हे तो बोटाने बघायचा, अगदी हलकं, अंगावरून मुंगी जावी इतकं हलकं. जी जागा रिकामी लागेल तो कौल. आजवर कधी चुकला नव्हता, निदान त्याला तसं वाटत होतं. कुणाला सांगायची सोय नव्हती. आंधळ्या गुरवाला गाव देवाला हात लावू देईल? सेवा गेली असती चुलतभावाच्या घरात, आणि हरिश्चंद्र बसला असता पडवीत, कुणी हाक मारतंय का म्हणून कान लावून.

पण त्या दिवशी बोट नेहमीसारखं हलकं पडलं नव्हतं. कारण प्रश्न आनंदीच्या डोळ्याचा होता.

आनंदी म्हणजे त्याच्या गडग्यापलीकडची, अंगणाच्या दगडी कुंपणाला लागून असलेली शेजारीण. तिचा नवरा आणि हरिश्चंद्र एका पाटीवर शिकलेले, म्हणून ती त्याची वयनी आणि तो तिचा भावजी. हरिश्चंद्राची सीता तापाने गेली, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून रोज सकाळी गडग्यावरून उकड्या तांदळाची पेज आणि सोबत काहीतरी तोंडी लावणं यायचं. एक दिवस चुकला नाही. अलीकडे आनंदीलाही कमी दिसू लागलं, तेव्हा सून शुभदा आणून द्यायची, पण वाढायची आनंदीच.

मसुऱ्याच्या शाळेत मोतीबिंदूचं शिबिर लागलं होतं. बाकं हलवून वर्गावर्गात खाटा टाकल्या होत्या, मुंबईचे डॉक्टर आले होते. गुरुदास आईला घेऊन गेला. गुरुदास म्हणजे आनंदीचा मुलगा, मालवणात कचेरीत कारकून. डॉक्टरीणबाईंनी आनंदीचे डोळे बघितले आणि त्यांचा चेहराच बदलला. म्हणाल्या, "उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू फुगलाय. हा याच शिबिरात काढायला हवा. दुखायला लागलं आणि तरी घरी बसलात, तर हा डोळा कायमचा जाईल. मग कुणीच काही करू शकणार नाही."

गुरुदासने मान हलवली आणि आईला घरी घेऊन आला. त्यालाही दोष कसा द्यायचा? त्याचे वडील असेच पोट कापून घ्यायला मुंबईला गेले आणि परत आले नाहीत. तेव्हापासून त्या घरात सुरी लावायची गोष्ट निघाली की आधी देवाला विचारायचं, असं ठरूनच गेलं होतं. "कौल लावया," तो म्हणाला. आनंदीही हो म्हणाली. तिला वाटत होतं, देव काय नको म्हणणार आहे थोडाच?

आणि हरिश्चंद्राने गाऱ्हाणं घातलं होतं: "बा देवा रवळनाथा, आनंदीच्या डोळ्याचा आपरेशन करूचा आसात तर उजवी दी, करूचा नसात तर डावी दी, म्हाराजा!" बाहेरून "व्हय म्हाराजा!" झालं. थोडा वेळ गेला. त्याने बोट फिरवलं. डावी जागा रिकामी लागली. "डावो कौल," त्याने बाहेर येऊन सांगितलं.  आनंदी पदर सावरून उठली आणि सुनेच्या हाताला धरून निघाली.

आणि आता ती डावी पाकळी त्याच्या करंगळीला होती. देवाने पाडली असती तर ती पायाशी पडली असती. म्हणजे पाडली कुणी?

हाक मारायला हवी होती. माणसं अजून पाणंदीतच असतील. हरिश्चंद्र दारापर्यंत गेलाही. पण तोंड उघडलं तर पुढचा प्रश्न काय येणार हे त्याला ठाऊक होतं: तुका दिसना नाय काय रे? आणि मग दोन वर्षांतला एकेक कौल लोक चव्हाट्यावर आणणार. तो दारातच थांबला. पाकळी निर्माल्यात टाकली. मनाला म्हणाला, कदाचित देवाच्या मनातही डावीच असेल, माझं बोट नुसतं निमित्त. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते समजावू शकतो, हो!

दुसऱ्या दिवशी आनंदीचा डोळा दुखायला लागला.

तिसऱ्या दिवशी दुखणं डोक्यात शिरलं. गडग्यापलीकडून कण्हणं ऐकू यायला लागलं. हरिश्चंद्र पडवीत बसून ऐकत होता. डोळे गेलेल्या माणसाचे कान फार तिखट होतात, तो काय करणार? नुसतं कण्हणं असतं तर एक वेळ सोसलं असतं. पण आनंदी देवाशी भांडत होती.

"काय रे तुझा वाकडा केलंय मी?" ती म्हणत होती. "वरसभर तेल घातलंय, पालखेची वाट झाडलंय. आणि माका दिसूचा नको? मेल्या, तुका डोळे आसत मां? मगे माझ्याच डोळ्यांर कित्याक उठलंस?"

हरिश्चंद्राने कानांवर हात ठेवले. तेवढ्यात गडग्यावरून शुभदाची हाक आली, "काकानू, पेज." त्याने उठून वाटी घेतली. खाली बसला. पेज गरम होती, बरोबर खारातलं आंब्याचं लोणचं होतं. घास काही केल्या उतरेना. तरी त्याने ती संपवली. भरलेली वाटी परत द्यायची, तर त्यांना काय सांगायचं?

शिबिराच्या शेवटच्या दिवशी सकाळी शुभदा पेजेशिवाय आली. तिच्या आवाजावरूनच काहीतरी बिनसल्याचं त्याला कळलं.

"काकानू, थोडो अंगारो देवा. आयेक उलट्यो होतत. डोळो लालभडक झालो आसा, रात्रभर भित्तीर डोक्या आपटीत होती."

"शिबिर कधीपर्यंत गो?"

"आज शेवट. दुपारी नावा घेवची बंद करतले." ती थांबली. मग म्हणाली, "पण आता त्येचा काय, काकानू? देवाकच नको आसा."

हरिश्चंद्र अंगारा काढायला आत वळला. डबीत बोट घातलं आणि तिथेच उभा राहिला. चार दिवस झाले तो याच क्षणापासून पळत होता. बाहेर शुभदा नाक ओढत होती. हातात अंगारा घेऊन जायचं, आनंदीच्या कपाळाला लावायचा आणि परत यायचं, एवढंच करायचं होतं. कुणी काही विचारणार नव्हतं. कुणाला काही कळणार नव्हतं. आनंदीचा डोळा जाणार होता, तो देवाच्या नावावर.

त्याने डबी मिटली. "चल," तो म्हणाला. "मी येतंय."

आनंदी माजघरात चटईवर पडली होती, डोक्याला फडकं घट्ट बांधून. गुरुदास आज कचेरीत गेला नव्हता. हरिश्चंद्राचं पाऊल उंबऱ्याला लागलं तशी ती कुशीवर वळली.

"भावजी? या. अंगारो हाडलास?"

"वयनी," हरिश्चंद्र म्हणाला, "कौल परत लावया."

गुरुदास चमकला. "असा कसा, काकानू? जत्रा होयसर तोच प्रश्न इचारूचो नाय, ह्या तुम्हीच आमका सांगलास."

"माका नको परत," आनंदी म्हणाली. "एकदा नाय म्हटल्यान मां? आता काय त्येच्या पायार लोळण घालू?"

झालं! वाट बंद. नियम त्याचाच, त्यानेच आयुष्यभर गावाला शिकवलेला. पहिला कौल रद्द केल्याशिवाय दुसरा लागत नाही, आणि रद्द करायचा तर गावकराच्या समोर, कारण सांगून. 

"गुरुदास," तो म्हणाला, "परशुरामाक बोलव. धावत जा."

परशुराम गावकर म्हणजे गावाचा पहिला मानकरी. जत्रेचा नारळ त्याचा, पालखीचा पहिला खांदा त्याचा. माणूस सरळ, पण रागाला गेला की समोरच्याला होत्याचा नव्हता करणारा.  तो येईपर्यंत आनंदी मधूनच कण्हत होती. शुभदाने भांडं पुढे केलं, आनंदीने पुन्हा उलटी केली. हरिश्चंद्र भिंतीला पाठ लावून उभा होता. मनात येत होतं, परशुराम घरी नसू दे. लगेच दुसरं यायचं, नको, असू दे, एकदाचं होऊन जाऊ दे.

परशुराम आला. "काय रे हरिश्चंद्रा? काय भानगड?"

  हरिश्चंद्राने एका दमात बोलून टाकलं.

"तो कौल देवाचो न्हय, परशुराम. माझ्या बोटाचो."

"म्हणजे?"

"माका दिसना नाय. दोन वरसा होत इली. पाकळी पडली काय नाय ता मी बोटान बघतंय. त्या दिसा माझ्या बोटाकच पाकळी चिकटली. देवान काय सांगूकच नाय. मीच पाडलंय."

 गुरुदासच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. तो पुढे झाला, त्याने हरिश्चंद्राच्या छातीवरचा पंचा मुठीत धरला आणि गदागदा हलवला. "चार दीस! चार दीस तुम्ही गप बसलास?" शुभदाने त्याचा हात धरून मागे ओढलं नसतं तर त्याने म्हाताऱ्याला हाणलंच असतं.

परशुराम मात्र हलला नाही. तो फार शांत आवाजात बोलला.

"शिमग्याक माझ्या सुभद्रेच्या सोयरिकेचो कौल लावलेलंस. रेडीच्या बंदरार नोकरी करणारो झिल होतो. चांगला घर होता. डावो म्हणान सांगलंस, म्हणान मी त्यांका नाय कळवलंय. त्या झिलाचा लगीन झाला गेल्या म्हयन्यात. तो कौल देवाचो, काय तुझ्या बोटाचो?"

खोटं बोलणं किती सोपं होतं! देवाचो, एवढा एक शब्द. परशुराम निवला असता, त्याच्या लेकीच्या, सुभद्रेच्याही मनाला शांतता मिळाली असती. हरिश्चंद्राच्या ओठावर तो शब्द आलाही.

"म्हायत नाय," तो म्हणाला.

"शिरा पडो तुझ्या त्या बोटार!" परशुरामाने काठी जमिनीवर आपटली. "आजपासून देवळाची पायरी चढूची नाय. समजलंस? पायरी चढूची नाय!" मग गुरुदासकडे वळून म्हणाला, "त्येच्या चुलत्याच्या बाबूक निरोप धाड. खाडीर गेलो आसात तर बोलावून हाड. आंघूळ करून येवंदे, परत कौल लावया."

"बाबू येतलो कधी आणि कौल लागतलो कधी?" गुरुदास रडकुंडीला आला. "दुपारी नावा बंद होतत, गावकरानू!"

"मगे काय देवाक सोडून जातलंस?"

 बघा, आईचा डोळा समोर फुटायला आलाय आणि मुलगा उभा आहे, कारण त्याच्याही पोटात भीतीच होती. हरिश्चंद्राला वाटलं, आपण बोललो त्याचा काही उपयोग झाला नाही. आपलं गेलं ते गेलंच, आणि वयनीचंही जाणार.

तेव्हा आनंदी उठून बसली. भिंतीचा आधार घेत उभी राहिली. तिने हात पुढे केला, हरिश्चंद्राचा दंड सापडला तो धरला, आणि तिची बोटं अशी रुतली की त्याला कळ आली.

"चार दीस मी देवाक शिव्या घालतंय," ती म्हणाली. "डोळ्याचा जावंदे रे मसणात. पण माका वाटला, त्येका मी नको झालंय. म्हातारी झालंय, आता हिका दिसान करूचा काय, असा त्येनाच ठरवल्यान, असा वाटला माका. आणि तू गडग्याच्या पलीकडे बसान सगळा ऐकत होतंस?"

आजवर तिने त्याला कधी 'तू' म्हटलं नव्हतं.

"ऐकत होतंय," हरिश्चंद्र म्हणाला.

"माझी पेज खात होतंस?"

"खात होतंय."

आनंदीने त्याचा दंड सोडला. तिला रडू फुटलं, पण रडताना डोळ्यात कळ गेली आणि ती ओरडलीच. शुभदाने तिला धरलं. ओरडणं ओसरलं तशी ती परशुरामाच्या आवाजाच्या रोखाने वळली.

"गावकरानू, कौल झालोच नाय तर माका कोणी अडवूकच नाय. बरोबर? मी जातंय."

"पण आये," गुरुदास म्हणाला, "देवाक इचारल्याशिवाय..."

"देवाक इचारलास. गावाक इचारलास. माका इचारलास?" आनंदी म्हणाली. "डोळो कोणाचो रे? जा, गाडी बघ!"

परशुरामाने काठी उचलली आणि बाहेर खळ्यात, अंगणात जाऊन उभा राहिला. त्याने अडवलं नाही, एवढंच म्हणायचं.

गाडी म्हणजे कुस्तोदियोचा टेम्पो. तो मालवणहून बर्फाच्या लाद्या घेऊन मसुऱ्याला चालला होता, त्याला गुरुदासने रस्त्यात आडवं होऊनच थांबवलं. आनंदीचं तोंड बघून कुस्तोदियोने तिच्यासाठी आणि शुभदासाठी पुढची जागा मोकळी केली. "आजी, भियां नको," तो म्हणाला, "बर्फ इतळलो तर इतळांदे."

हरिश्चंद्र गडग्याशी उभा होता. आता त्याला घरी जायचं होतं, दार लावून घ्यायचं होतं. तोच टेम्पोतून आनंदीचा आवाज आला.

"तू खंय चललंस? चड मागे. माझा काय व्हता ता आपल्या कानान ऐक."

तो चढला. बर्फावरच्या भुश्यात बसला. टेम्पो लाल मातीच्या रस्त्याने आदळत निघाला, प्रत्येक खड्ड्याला पुढून आनंदीचा आवाज यायचा आणि हरिश्चंद्र मागे फळीला घट्ट धरून बसायचा. देवाचं नाव घ्यायला गेला, तर जिभेवर येईना. कुठल्या तोंडाने घेणार?

वाटेत समोरून एस.टी. आली. अरुंद रस्ता, दोन्हीकडे गडगे. कुस्तोदियोला पार मागच्या पाणंदीपर्यंत टेम्पो मागे घ्यावा लागला. एस.टी. निघून गेली तरी इंजिन पकडेना. कुस्तोदियो खाली उतरला, हँडल मारू लागला. एकदा, परत एकदा. हरिश्चंद्र उडी मारून उतरला आणि मागून ढकलायला लागला. गुरुदासही आला. दोघांचे खांदे एकाला एक लागले होते, पण गुरुदास त्याच्याशी बोलला नाही. टेम्पो सुरू झाला.

शाळेच्या दारातला माणूस नावं बंद झाल्याचं सांगत होता. गुरुदासने कचेरीतली मराठी काढली, "साहेब, कृपा करा, पेशंटची अवस्था फार वाईट आहे, बाईंना एकदा फक्त सांगा." आवाज ऐकून डॉक्टरीणबाईच बाहेर आल्या. आनंदीला बघताच त्यांनी ओळखलं.

"तुम्हाला मी त्याच दिवशी सांगितलं होतं ना? दुखायला कधी लागलं?"

 हरिश्चंद्र पुढे झाला. "तीन दिवस झाले, बाई. चूक यांची नाही. माझी आहे." बाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. आनंदीला आत नेलं, स्टुलावर बसवलं. वर्ग दुसरीचा असावा, भिंतीवर बाराखडीचा तक्ता होता म्हणे, शुभदाने नंतर सांगितलं. हरिश्चंद्राला नुसता स्पिरिटचा वास आला आणि पलीकडच्या खाटांवर कुणी कुणी खोकत होतं ते ऐकू आलं.

"आजी, उजवा डोळा. मी बॅटरी मारते. उजेड कुठून येतोय ते सांगा. वरून, खालून, कुठूनही."

आनंदी वाट बघत बसली.

"आजी?"

"मारा मां," आनंदी म्हणाली. "आदी पेटवा तरी."

शुभदाने तोंडात पदर कोंबला.  टक असा आवाज झाला, पुन्हा टक. बॅटरी बंद करून परत लावली असावी.

"आता?"

"पेटवलास?" आनंदीने विचारलं. मग तिला समजलं. वर्गात असलेल्या सगळ्यांनाच समजलं. "अगो बाय," ती हळू म्हणाली, आणि हात उचलून तिने आपला डोळा झाकला, जणू कुणी तो बघू नये.

 हरिश्चंद्र भिंतीशी खाली बसला.

बाईंचा आवाज आता मऊ होता. आधी दाब उतरवायला औषध देते, म्हणाल्या, दुखणं थांबेल. उजव्या डोळ्याची नजर गेली, ती येणार नाही. लवकर आला असतात तर वाचवता आली असती. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे, तो मात्र चांगला निघेल. आज संध्याकाळपर्यंत थांबते, दाब उतरला तर तो करूनच जाईन. जाड भिंगाचा चष्मा लागेल, पण घर, अंगण, माणसं, सगळं दिसेल. "करायचं ना, आजी?"

"करूचा," आनंदी म्हणाली. कुणाकडेही न बघता, कुणालाही न विचारता.

सूचना सांगता सांगता बाईंचं लक्ष भिंतीशी बसलेल्या हरिश्चंद्राकडे गेलं. त्या जवळ आल्या, त्याची हनुवटी वर केली. "आजोबा, तुम्हाला दिसतंय का काही? दोन्ही डोळे पिकलेत. तुम्ही यांच्याबरोबरच आलात ना? आज एक करून टाकते. दुसरा पुढच्या वर्षी."

"नको, नको," हरिश्चंद्र म्हणाला. आणि सवयीने, निव्वळ सवयीने त्याच्या तोंडून गेलं, "आधी देवाला विचारायला..."

"कोण इचारतलो तुमच्यासाठी?" गुरुदास तिथूनच कडवटपणे म्हणाला. "आणि कोण बघतलो, पाकळी खंयची पडली ती?"

हरिश्चंद्र मान खाली घालून बसला. खरंच होतं. चाळीस वर्षं त्याने अख्ख्या गावाचं देवाला विचारलं, त्याचं स्वतःचं विचारायला कुणी उरलं नव्हतं. आणि विचारून तरी काय? आता देवळाची पायरी नाही, गाभारा नाही. डोळे हवेत कशाला? आंधळा राहिला तर निदान एक व्हायचं, लोकांची तोंडं दिसायची नाहीत. परशुरामाचं नाही, सुभद्रेचं नाही. आनंदीचं तर नाहीच नाही.

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. शुभदा "आये, बसा, बसा" म्हणत होती. पण आनंदी उठली होती. भिंत चाचपत ती त्याच्यापाशी आली.

"भावजी."

त्याने तोंड वर केलं.

"देवाक ऱ्हवंदे. मी इचारतंय. तुमका दिसूचा आसा काय नाय?"

 आयुष्यात हरिश्चंद्राला हे कुणी विचारलंच नव्हतं. दोन वर्षं गाभाऱ्यात, पडवीत, अंथरुणात जे गिळलं होतं ते सगळं वर आलं. तो पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

"आसा," तो म्हणाला. "माका दिसूचा आसा, वयनी. खूप दिसूचा आसा."

"मगे आयका," आनंदी म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण तिने तो आवरला. "पट्टी सोडतले त्या दिसा कोणाचा तोंड बघू नकात. पयलो माझ्याकडे येवचो. ह्यो उजवो डोळो बघूचो, बरो बघूचो, उजेडात. मान खाली घालूची नाय. बघशात?"

हरिश्चंद्राने डोळे पुसले.

"बघतलंय," तो म्हणाला.

आनंदीने डॉक्टरीणबाईंकडे तोंड वळवलं. "ह्येंचा पण नाव घाला, बाई," ती म्हणाली.